जेलीफिशच्या बारकोडिंगमध्ये बँड येत नाही, किंवा येतो तो भलत्याच प्राण्याचा: काय काय तपासायचं

मासळी, कोळंबी, खेकडे यांचं डीएनए बारकोडिंग (जनुकाचा ठरावीक तुकडा वाचून जात ओळखणं) ज्या प्रयोगशाळेत बिनबोभाट होतं, तिथेच जेलीफिशचा नमुना आला की गाडी अडते. किट तेच, प्रायमर (हव्या तुकड्याच्या टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे धागे) तेच, यंत्रही तेच. पण जेलवर बँड, म्हणजे डीएनएच्या प्रतींची पट्टी, नाही. पुन्हा लावला तरी नाही. कधी बँड येतो, नमुना सिक्वेन्सिंगला (डीएनएची अक्षरं वाचायला) जातो, आणि उत्तर येतं एखाद्या कोपेपॉडचं (बारीक तरंगता कवचधारी प्राणी) नाहीतर माशाच्या पिल्लाचं. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, कुठल्याही विद्यार्थ्याशी बोला, रडगाणं हेच. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते, बोटी बाहेर पडतात, जाळ्यांत जेलीफिश येऊ लागतात आणि नमुने हवे तेवढे मिळतात. दिवाळी येईपर्यंत शेल्फवर बरण्यांची रांग लागते आणि वहीत एकही सिक्वेन्स नसतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. यातला बहुतेक दोष पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढण्याच्या पायरीत, नसतो. तापमान दोन अंश वर, दोन अंश खाली करत आठवडे घालवण्याआधी नमुना कशात बुडवला, त्याचा कुठला तुकडा कापला आणि तो प्राणी मुळात कुठल्या गटातला होता, हे पाहा. काम बिघडतं ते जेटीवर आणि बोटीवर. प्रयोगशाळेत ते फक्त उघडकीला येतं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. आपण सगळ्यांना सरसकट ‘जेलीफिश’ म्हणतो, पण पारदर्शक आणि लिबलिबीत एवढ्यावरून नातं ठरत नाही. छत्रीच्या आकाराच्या मोठ्या जेलीफिश स्कायफोझोआ गटातल्या. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारी ब्लू बॉटल आणि रुपयाएवढी निळी चकती, म्हणजे पोर्पिटा, या दोन्ही हायड्रोझोआतल्या. अंगावर कंगव्यासारख्या आठ पट्ट्या असलेले टिनोफोर हा तर संपूर्ण वेगळा संघ आहे. आणि पिंपासारखे, पारदर्शक, साखळी करून तरंगणारे साल्प हे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे, म्हणजे आपले, दूरचे नातेवाईक. या सगळ्यांना एकच कृती लावली तर ती फसणारच. हे पुढे प्रायमरच्या भागात सविस्तर येईल.

आधी रोग ओळखा

जेल कोरा आला याची कारणं तीन असू शकतात. डीएनएच नाही किंवा तुटलेला आहे. डीएनए आहे, पण त्याच्यासोबत आलेलं काहीतरी एन्झाइमला काम करू देत नाही. किंवा दोन्ही ठीक आहे, पण प्रायमर त्या प्राण्याला बसतच नाहीत. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे न तपासता केलेला कुठलाही बदल म्हणजे अंधारात दगड मारणं.

काढलेल्या डीएनएतले थोडे मायक्रोलिटर थेट एक टक्का ॲगरोजवर चालवा, पीसीआर न करता. वरच्या बाजूला एक घट्ट पट्टी दिसली तर डीएनए शाबूत आहे. खालपर्यंत पसरलेला धूसर पट्टा दिसला तर तो तुटलेला आहे. अगदीच बारीक तुकडे झाले असतील तर साडेसहाशे बेसचा (अक्षरांचा) सलग भाग मिळण्याची आशा सोडा. आणि जिथे नमुना भरला त्या विहिरीतच काही चमकत अडकून राहिलं, खाली सरकलंच नाही, तर तो म्यूकस, म्हणजे चिकट स्राव, आहे. त्याने डीएनएला धरून ठेवलंय.

दुसरी चाचणी मला सगळ्यांत उपयोगी वाटते आणि तीच सर्वांत कमी केली जाते. ज्याच्यावर तुमचे प्रायमर हमखास चालतात असा एक जुना डीएनए घ्या, समजा कोळंबीचा. एका ट्यूबमध्ये तो एकटा लावा. दुसऱ्या ट्यूबमध्ये तोच, पण सोबत जेलीफिशच्या डीएनएचा एक मायक्रोलिटर. पहिल्या ट्यूबमध्ये बँड आला आणि दुसऱ्यात नाहीसा झाला, तर अडथळा आणणारा पदार्थ तुमच्या नमुन्यात आहे, हे सिद्ध झालं. दोन्हींत कोळंबीचा बँड व्यवस्थित आला, तर नमुना स्वच्छ आहे. दोष प्रायमरमध्ये शोधा किंवा डीएनएच्या प्रमाणात. एका दिवसात निकाल लागतो, आणि त्यानंतर काय करायचं याबद्दल वाद उरत नाही. फक्त कोळंबीच्या ट्यूबा वेगळ्या ठेवा आणि शेवटी उघडा. नाहीतर पुढच्या महिन्यात तुमच्या सगळ्या जेलीफिश कोळंबी होऊन परत येतील.

नॅनोड्रॉपवरचा (डीएनएची शुद्धता मोजणारं यंत्र) २६०/२८० चा आकडा १.८ च्या आसपास आला की लोक निश्चिंत होतात. जेलीफिशसाठी २६०/२३० कडे पाहा. तो दोनच्या आसपास हवा. एकच्या खाली गेला की क्षार आणि शर्करा सोबत आल्या आहेत असं धरून चाला.

बरणीत अल्कोहोल किती उरलंय?

जेलीफिशच्या शरीरात ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं आहे आणि बरणी भरताना प्रत्येक जण ते विसरतो. हिशेब करून पाहा. ५० ग्रॅमचा तुकडा, त्यावर ९५ टक्क्यांचं ५० मिलिलिटर इथेनॉल. तुकड्यातलं जवळजवळ सगळं पाणी हळूहळू बाहेर येतं आणि अल्कोहोल ५० टक्क्यांच्या खाली उतरतं. त्यात ऊतीतली डीएनए तोडणारी एन्झाइमं थांबत नाहीत, त्यांचं काम चालूच राहतं. बरणीवर मात्र मार्करने ‘९५%’ लिहिलेलं असतं. वर ऑक्टोबरचा उकाडा, आणि बरणी जेटीवरून एसटीने कॉलेजपर्यंत पोचायला लागणारे तास.

उपाय साधा आहे. तुकडा लहान घ्या, वाटाण्याएवढा पुरतो. अल्कोहोल त्याच्या किमान दहा पट घ्या. दुसऱ्या दिवशी ते ओतून टाका आणि ताजं भरा. तुकडा मोठा असेल तर आणखी एकदा बदला. त्यानंतर फ्रीजरमध्ये. दुसऱ्या दिवशीचा बदल ही यातली कळीची पायरी. घाईत नेमकी तीच गाळली जाते, कारण दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा किनाऱ्यावर असतो.

इथेनॉल पुरेसं न घालण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते उघड बोललं पाहिजे. शुद्ध इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते, कॉलेजात साठा मोजका असतो, म्हणून हात आखडता घेतला जातो. काही जण मग हँड सॅनिटायझर वापरतात, काही जण दुकानातलं स्पिरिट. दोन्ही टाळा, त्यात ग्लिसरीन, रंग, आणखी काय काय मिसळलेलं असतं. अडचण असेल तर मिठाचं द्रावण बनवा: २० टक्के डीएमएसओ, ०.२५ मोलर ईडीटीए, पीएच ८, आणि त्यात विरघळेल तेवढं मीठ, तळाशी थोडं न विरघळलेलं राहीपर्यंत. ईडीटीए पीएच आठच्या जवळ आल्याशिवाय विरघळत नाही, त्यामुळे आधी सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच वर आणा आणि मग डीएमएसओ घाला. या द्रावणाला परवाना लागत नाही, ते भडकत नाही, बोटीवर सांडलं तरी आगीचा धोका नाही, आणि नमुना खोलीच्या तापमानाला टिकतो. समुद्री अपृष्ठवंशी प्राण्यांच्या ऊतींवर १९९८ मध्ये झालेल्या एका तुलनेत हे डीएमएसओ-मिठाचं द्रावण चांगलं ठरलं होतं. कोकणातल्या लहान कॉलेजांनी तर हेच वापरावं असं मला मनापासून वाटतं.

फॉर्मेलिनबद्दल एकच वाक्य: प्लवकांच्या जुन्या नमुन्यांच्या बाटल्या फॉर्मेलिनच्या असतील तर त्यांच्यावर नेहमीच्या बारकोडिंगसाठी वेळ घालवू नका.

आणि बर्फ. जेटीवर कुटलेला बर्फ मुबलक मिळतो, जरूर वापरा, पण जेलीफिश पिशवीत बांधून बर्फावर ठेवा. बर्फाचं गोडं पाणी थेट लागलं की पेशी फुगून फुटतात आणि डंख मारणाऱ्या पेशीही सुटतात. याच कारणासाठी नमुना नळाच्या पाण्याखाली धुऊ नका. गाळलेलं समुद्राचं पाणी घ्या. हातमोजे घाला. किनाऱ्यावर वाळत पडलेली ब्लू बॉटल मेलेली असली तरी डंख मारते.

कुठला तुकडा कापलात?

सप्टेंबरात रापण ओढली की वाळूवर मासळीबरोबर जेलीफिशचा ढीग पडतो. रापणकर त्या बाजूला फेकतात आणि आपण त्यातली एक उचलतो. क्रॅम्बिओनेला ऑर्सिनी घ्या. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर थव्यांनी येणारी जेलीफिश, छत्री चांगली जाड आणि टणक. हातात घेतली की सुरी आपोआप छत्रीच्या मध्यभागी जाते, कारण तिथेच मांसल, भरीव काहीतरी आहे असं वाटतं. पण ते मांस नाही. तो मेसोग्लिया आहे: पाणी, कोलॅजन आणि विरळ पेशी. पेशी दाटीने असतात त्या वरच्या आणि खालच्या पातळ थरांत. मधला मोठा चौकोन कापून आणणारा दहा ग्रॅम पाणी घेऊन येतो आणि नखाएवढी कड कापणारा त्याच्यापेक्षा जास्त डीएनए.

म्हणून छत्रीची कड घ्या, जिथे लहान लहान पाकळ्या असतात. किंवा छत्रीच्या आतल्या बाजूचा आकुंचन पावणारा स्नायूचा थर खरवडून घ्या. खालचे तोंडाचे हात मोहात पाडतात, कारण ते घट्ट असतात आणि पेशीही भरपूर. पण क्रॅम्बिओनेलाच्या गटात एक मोठं तोंड नसतं. त्या हातांवर शेकडो बारीक तोंडं असतात आणि प्रत्येकात काही ना काही अडकलेलं असतं. बिंगाखाली पाहा: कोपेपॉडचे पाय, माशांची अंडी, शिंपल्यांच्या अळ्या. तो तुकडा किटमध्ये घातला की तुम्ही तिच्या जेवणाचंही बारकोडिंग करत असता. जननग्रंथींत डीएनए उत्तम मिळतो, पण त्या पोटाच्या कप्प्यांना लागून असतात. नीट धुतल्याशिवाय घेऊ नका.

टिनोफोर हे आणखी नाजूक प्रकरण. खाडीत प्ल्यूरोब्रॅकिया मिळतात, द्राक्षाएवढ्या, उजेडात धरल्या की आठही पट्ट्यांवर रंग पळतात. जाळ्यातून बाहेर काढेपर्यंत त्यांचा अर्धा आकार जातो. त्यांना जाळ्याने उचलूच नका. पाण्याचा मग किंवा रुंद तोंडाची बरणी पाण्यात बुडवून पाण्यासकट घ्या. बरणीतच फोटो काढा, काळ्या कापडासमोर, बाजूने आणि वरून. मग ड्रॉपरने उचलून थेट अल्कोहोलमध्ये. आकार विरघळून जाईल, त्याला इलाज नाही, पण डीएनए वाचतो. आणि फोटो नसेल तर तो डीएनए कोणाचा हे पुढे कुणालाच सांगता येणार नाही. नखाएवढ्या हायड्रोमेड्युसांचंही (हायड्रोझोआतल्या छत्रीसारख्या तरंगणाऱ्या प्राण्यांचंही) तेच: आधी फोटो, मग अख्खा प्राणी ट्यूबमध्ये.

टोकाला चिकटून येणारी तार

डीएनए काढताना शेवटी तळाशी जी गोळी बसते ती मासळीच्या नमुन्यात पांढरी आणि छोटी असते. जेलीफिशच्या नमुन्यात कित्येकदा ती पारदर्शक, फुगलेली असते, आणि पिपेटचं टोक लावून वर उचललं की बाभळीच्या डिंकासारखी तार येते. तार आली की समजा, शर्करांचे लांब रेणू डीएनएबरोबर खाली बसले आहेत. ही गोळी पाण्यात विरघळायला नकार देते, आणि विरघळली तरी पॉलिमरेज एन्झाइम तिच्यात अडकतं.

सर्वांत स्वस्त उपाय आधी: पातळ करा. एकास दहा, एकास पन्नास, दोन्ही लावा. डीएनए कमी होतो, पण अडथळाही कमी होतो, आणि पीसीआरला डीएनए फार लागतच नाही. ‘बँड नाही म्हणून डीएनए जास्त घातला’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! जेलीफिशच्या बाबतीत ते अगदी उलटं आहे. सोबत पीसीआरच्या मिश्रणात बीएसए (गाईच्या रक्तातलं एक प्रथिन) घाला, एका मायक्रोलिटरला ०.२ ते ०.४ मायक्रोग्रॅम, अडथळा आणणारे पदार्थ ते स्वतःकडे ओढून घेतं.

एवढ्याने भागलं नाही तर डीएनए पुन्हा काढा, पण किटऐवजी सीटॅब (शर्करा वेगळ्या करायला मदत करणारा साबणासारखा पदार्थ) पद्धतीने. वनस्पतींवर काम करणाऱ्या शेजारच्या विभागाकडे हे बफर तयार असतं: दोन टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, १०० मिलिमोलर ट्रिस, २० मिलिमोलर ईडीटीए. आंब्याच्या पानांतल्या शर्करांसाठी जे वापरतात तेच इथेही लागू पडतं. तुकडा आधी टिपकागदावर चांगला टिपून घ्या, अल्कोहोल जाऊ द्या. प्रोटिनेज के घालून ५५ अंशांवर पूर्ण विरघळेपर्यंत ठेवा, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल २४:१ ने धुवा. मधला पांढरा थर हलला तर पुन्हा फिरवा. वरचं पाणी घेताना लोभ करू नका, शेवटचा पाचवा हिस्सा सोडून द्या. डीएनए खाली बसवताना मिठाचं प्रमाण एक मोलरच्या वर ठेवलं तर बऱ्याच शर्करा द्रावणातच राहतात आणि डीएनए एकटा खाली येतो. नंतर ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा, कारण आता मीठ काढायचं आहे.

प्रायमर: प्राणी कोणता हे आधी ठरवा

२००३ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांसाठी बारकोड म्हणून मायटोकाँड्रियातल्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५० बेसचा तुकडा सुचवला. तो वाढवायला जे प्रायमर सगळीकडे वापरतात, एलसीओ१४९० आणि एचसीओ२१९८, ते त्याआधी १९९४ मध्ये फोल्मर आणि सहकाऱ्यांनी दिले. मासळीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत बहुधा माशांसाठी खास केलेले प्रायमर असतात, म्हणून पहिली गोष्ट, तुमच्या फ्रीजरमधल्या ट्यूबवर नेमकं कुठलं नाव आहे ते वाचा. माशांचे प्रायमर जेलीफिशला लावून महिना घालवलेली माणसं मला भेटली आहेत.

मोठ्या छत्रीवाल्या जेलीफिशवर फोल्मरचे प्रायमर बहुतेकदा चालतात. मूळ कृतीत चिकटण्याचं तापमान ४० अंशच आहे. माशांच्या सवयीने ५४ वर लावलंत तर काही मिळणार नाही. ४५ पासून सुरू करा. नाहीच जमलं तर समुद्री अपृष्ठवंशींसाठी गेलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याच जागेवर बसणारे, पण काही अक्षरं मोकळी ठेवलेले प्रायमर दिले आहेत. ते मागवा.

हायड्रोझोआसाठी, म्हणजे पोर्पिटा, ब्लू बॉटल, सगळे सायफोनोफोर आणि बारीक मेड्युसा यांच्यासाठी, मी सरळ मायटोकाँड्रियातल्या १६एस जनुकाकडे जायला सांगते. सुमारे ६०० बेसचा तुकडा, सहज वाढतो, आणि या गटावर काम करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं तोच वापरल्यामुळे तुलनेला सिक्वेन्सही जास्त सापडतात. सीओआयही मिळाला तर उत्तमच, दोन्ही ठेवा. पण ‘बारकोड म्हणजे सीओआयच’ या हट्टापायी हायड्रोझोआचे नमुने वाया घालवू नका.

टिनोफोर ही खरी अवघड जागा. त्यांच्या मायटोकाँड्रियाचा जीनोम फार वेगाने बदललेला आणि आक्रसलेला आहे. नेमिऑप्सिसचा २०११ मध्ये वाचला गेला तेव्हा तो जेमतेम १० हजार बेसचा निघाला. नेहमीचे सीओआय प्रायमर जिथे बसायला हवेत ती अक्षरंच तिथे उरलेली नाहीत. इथे तापमान बदलून, मॅग्नेशियम वाढवून, चक्रं वाढवून काहीही होणार नाही. केंद्रकातला १८एस घ्या आणि जोडीला आयटीएस (त्याच्याच शेजारचा, वेगाने बदलणारा भाग). १८एस इतका सावकाश बदलतो की त्यावरून कुळापर्यंत, फार तर प्रजातीपर्यंत (जीनस) पोचता येतं; जाती वेगळ्या करायला आयटीएस लागतो. टिनोफोरसाठी खास केलेले सीओआय प्रायमर अलीकडे प्रसिद्ध झाले आहेत. ज्यांना याच गटावर प्रबंध करायचा आहे त्यांनी तेच मागवावेत.

साल्प आणि त्यांचे भाऊबंद डोलिओलिड यांच्यावरही फोल्मरचे प्रायमर वारंवार फसतात. त्यांच्यासाठी १८एसपासून सुरुवात करा.

सिक्वेन्स आला, पण नाव भलतंच

सर्वसाधारण प्रायमर म्हणजे सगळ्यांना थोडे थोडे बसणारे. जेलीफिशचा डीएनए कमी किंवा अडखळत वाढणारा असेल आणि त्याच ट्यूबमध्ये एका कोपेपॉडचा स्वच्छ डीएनए असेल, तर प्रायमर कोपेपॉडला पकडतात आणि पीसीआरच्या चक्रांत तोच पुढे निघून जातो. बँड झकास, सिक्वेन्स झकास, प्राणी दुसराच.

मोठ्या जेलीफिशच्या छत्रीखाली कॅरँजिड कुळातल्या माशांची पिल्लं आसऱ्याला राहतात. हायपेरिड नावाचे ॲम्फिपॉड तर जेलीच्या आतच घर करतात. बिंगाखाली छत्री फिरवून पाहिली तर मोठ्या डोळ्यांचे, तांबूस ठिपक्यासारखे दिसतात. बेरोई हा टिनोफोर दुसरे टिनोफोर अख्खे गिळतो, त्यामुळे बेरोईच्या नमुन्यात प्ल्यूरोब्रॅकियाचं नाव आलं तर दचकू नका. साल्पच्या शरीरात एका टोकाला गडद गोळी दिसते ती त्याचं आतडं आणि इतर अवयव. ती कापून वेगळी करा आणि दुसऱ्या टोकाचा स्नायूचा पट्टा घ्या. लहान प्राणी जिवंत असतील तर गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात काही तास उपाशी ठेवले की पोट रिकामं होतं.

सिक्वेन्सिंगवाल्यांकडून येणारी अक्षरांची फाइल तेवढी पाहू नका, क्रोमॅटोग्राम (प्रत्येक अक्षराचं शिखर दाखवणारा आलेख) उघडा. एका जागी दोन दोन शिखरं सलग दिसत असतील तर ट्यूबमध्ये दोन प्राणी आहेत. दोन्ही दिशांनी वाचून घ्या. खर्च वाढतो, पण एका दिशेच्या वाचनावर जेलीफिशचं नाव ठरवणं मला पटत नाही. आणि रिकाम्या ट्यूबचा, म्हणजे ज्यात ऊतीऐवजी नुसतं पाणी घालून डीएनए काढायची अख्खी कृती केली त्या ट्यूबचाही पीसीआर लावा. तिच्यात बँड आला तर त्या दिवशीचं सगळं फेकून द्या.

मध्येच स्टॉप कोडॉन येतोय

स्टॉप कोडॉन म्हणजे ‘प्रथिन इथे संपलं’ असं सांगणारी तीन अक्षरं. ती मध्येच दिसली की फार घाबरायला होतं आणि बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. सीओआयचा सिक्वेन्स प्रथिनात भाषांतरित करताना सॉफ्टवेअरमध्ये कोष्टक (कुठल्या तीन अक्षरांचं कुठलं अमिनो आम्ल ते सांगणारं) निवडावं लागतं. जेलीफिश आणि टिनोफोर यांच्या मायटोकाँड्रियासाठी ते कोष्टक ४ आहे, साल्पसाठी १३. आपण सवयीने प्रमाण कोष्टक ठेवलं तर टीजीए दिसला की ते ‘थांबा’ म्हणतं. प्रत्यक्षात तिथे ट्रिप्टोफॅन असतं. इतर अपृष्ठवंशींचं कोष्टक ५ लावलं तर स्टॉप दिसत नाही, पण काही अमिनो आम्लं चुकतात. योग्य कोष्टक लावूनही स्टॉप राहिला तर मात्र सिक्वेन्सची कड नीट छाटली आहे का, अक्षर गळलंय का, ते क्रोमॅटोग्रामवर पाहा.

ब्लास्टने दिलेलं नाव आणि खरं नाव

जेनबँकमध्ये (सिक्वेन्सचा जागतिक संग्रह) ब्लास्ट या शोधसाधनाने सिक्वेन्स टाकला, पहिल्या ओळीत जे नाव आलं ते प्रबंधात लिहिलं, हे थांबलं पाहिजे. साम्याच्या टक्केवारीशेजारी किती लांबीचा भाग जुळला ते लिहिलेलं असतं. १२० बेसवर ९९ टक्के म्हणजे काहीच नाही. आणि साडेसहाशे बेसवर ८८ टक्के म्हणजे ‘तुमचा प्राणी इथे नाही’ असं उत्तर. ते उत्तर खरं आहे आणि मोलाचं आहे. ते झाकून जवळचं नाव चिकटवू नका. कुळ किंवा प्रजातीपर्यंत लिहा आणि पुढे जात ठरलेली नाही असं नोंदवा.

जे नाव जुळलं तेही तपासून घ्यावं लागतं. ऑरेलिया ऑरिटा हे चंद्राकृती जेलीफिशचं नाव जगभर दिलं जायचं. २००१ मध्ये डॉसन आणि जेकब्स यांनी डीएनएवरून दाखवलं की त्या एका नावाखाली दिसायला सारख्या अनेक जाती आहेत. पण जुन्या नोंदींवर जुनीच नावं राहतात. ब्लू बॉटलचं उदाहरण तर ताजं आहे. सगळ्या जगात फायसेलिया फायसेलिस ही एकच जात आहे असं मानलं जायचं. २०२५ मध्ये जीनोमच्या अभ्यासावरून त्यात चार जाती असल्याचं मांडलं गेलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या किनाऱ्यावर लोकांना डंख करणाऱ्या ब्लू बॉटल आपण एकाच नावाने नोंदवल्या. त्यातल्या कुणाचा तुकडा कुठे जपून ठेवलेला असेल तर तो आज पुन्हा वाचण्यासारखा आहे. हायड्रोझोआत भर म्हणून आणखी एक गुंता: पॉलिप (चिकटून राहणारी अवस्था) आणि मेड्युसा (तरंगणारी अवस्था) यांना वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी दोन नावं दिली. जेटीच्या खांबावरच्या पॉलिपचा १६एस आणि पाण्यातल्या मेड्युसाचा १६एस जुळला की ती दोन नावं एक होतात. कोकणात हे काम करायला कितीतरी वाव आहे.

म्हणूनच सिक्वेन्सबरोबर पुरावा हवा. एकाच प्राण्याचा लहान तुकडा अल्कोहोलमध्ये किंवा मिठाच्या द्रावणात, आणि उरलेला प्राणी समुद्राच्या पाण्यात केलेल्या चार-पाच टक्के फॉर्मेलिनमध्ये, दोन्हींवर एकच क्रमांक. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बरणीच्या आत टाका. बाहेरची मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते. चिठ्ठीवर जागा, तारीख, जाळ्याचा प्रकार, शक्य असेल तर पाण्याची क्षारता. पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडाशी क्षारता आठवड्यागणिक बदलते आणि कुठला प्राणी कधी आत शिरतो हे त्यावरूनच कळतं. टिनोफोरच्या बाबतीत फॉर्मेलिनमध्येही आकार टिकेलच असं नाही, तिथे फोटो हाच पुरावा; फोटोच्या फाइलला तोच क्रमांक द्या. काम संपलं की फॉर्मेलिनमधला नमुना विभागाच्या कपाटात ठेवून देऊ नका. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. तिथे नमुना जमा करण्याबद्दल आधी पत्राने विचारा, आणि जमा झाल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक जेनबँक आणि बोल्ड (बारकोडचा संग्रह) यांवरच्या तुमच्या नोंदीत भरा.